आवाजाची पुनर्बांधणी : एक जुने यंत्र, दोन ग्रंथ आणि एक चित्रपट

समीक्षा या शब्दाचा मूळ अर्थ नीट पाहणे एवढाच आहे. आपण मात्र तो बहुधा कविता, कथा आणि कादंबरी यांच्यापुरता राखून ठेवतो. टेबलावर उघडून ठेवलेल्या एखाद्या यंत्राकडे नीट पाहणे हीही समीक्षाच होय, आणि त्या यंत्रापाशी लाभलेली दृष्टी पुढे ग्रंथांच्या परीक्षणालाही उपयोगी पडू शकते, असे या लेखात मांडावयाचे आहे. यंत्र आहे गिटारसाठी वापरला जाणारा व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर. ग्रंथ आहेत ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२). त्यांच्या जोडीला बार्ड्रॉय बारेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' (२०१४) हा कोकणी चित्रपट घेतला आहे. या तिन्ही कृती मुंबईच्या वादकांविषयी आहेत आणि त्या वादकांपैकी पुष्कळजण आपल्याच समाजाचे होते.

हे जग आपल्या वाचकांना परके नाही. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीतील गोवेकरांचे कूड, दाबुळचे सेंट फ्रान्सिस झेवियर चर्च, १८६५ साली सुरू झालेले फुर्ताडोंचे वाद्यांचे दुकान, ताडदेवचे फिल्म सेंटर, परळचे राजकमल कलामंदिर, ही सारी ठिकाणे ट्रॅमच्या एकदोन तिकिटांच्या अंतरातली. सकाळी मिस्साच्या वेळी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, दुपारी स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे आणि रात्री लग्नाच्या बँडमध्ये बसायचे, असा दिनक्रम असलेली माणसे आपल्या वाडवडिलांच्या शेजारी राहत होती. त्यांच्याविषयी आज जे लिहिले जाते आणि दाखवले जाते, ते कोणत्या कसोटीवर पारखावे, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम यंत्राकडे वळू. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि क्षीण विद्युत्-लहरीला बळ देण्याची वाट मोकळी झाली. गिटारच्या तारेखालील लोहचुंबकात उमटणारी लहर एका व्होल्टच्या अंशाएवढी असते. ती पहिल्या लहान व्हॉल्व्हमध्ये वाढते, पुढे मोठ्या व्हॉल्व्हमध्ये सामर्थ्य मिळवते आणि ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरच्या कागदी शंकूपर्यंत पोहोचते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या कंपनीचे अॅम्प्लिफायर आणि इंग्लंडमधील 'व्हॉक्स एसी ३०' ही या जातीची नामांकित उदाहरणे. या यंत्राचा सर्वांत मोठा गुण खरे म्हणजे त्याचा दोष आहे. क्षमतेहून अधिक जोर दिला की व्हॉल्व्ह लहरीचे शेंडे हळूहळू दाबतो, आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. अभियंत्यांनी टाळावयाची म्हणून जी विकृती मानली, तीच वादकांनी आपली भाषा म्हणून स्वीकारली. पास्काच्या रात्री आदामाच्या अपराधालाही भाग्याचा मानणारे स्तोत्र ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दोषातून निपजलेल्या गुणाची ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे ही यंत्रे सहजासहजी मिळत नव्हती. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले, आणि परदेशी अॅम्प्लिफायर हे एखाद्या जहाजावरच्या वादकाने किंवा सुदैवी नातेवाइकाने आणलेले अप्रूप ठरले. बाकीच्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे धाव घेतली. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवावयास आरंभ केला होता. मुलार्ड कंपनीने १९५९ साली अॅम्प्लिफायरच्या मंडलांची पुस्तिका प्रसिद्ध केली होती. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, चोर बाजारात जुने ट्रान्सफॉर्मर मिळत, आणि जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळून देणारे वाइंडिंगवाले मुंबईत होते. एवढ्या सामग्रीवर या शहरात गिटारचा आवाज उभा राहिला.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो अॅम्प्लिफायर तयार झाला, तो फेंडरच्या 'बासमन'ची सरळ नक्कल होता. पण भाग इंग्लंडमध्ये मिळाले ते बसवले, स्पीकर वेगळे लागले, आणि नकलेतून एक नवीन आवाज जन्माला आला. तो पुढे जगभर गाजला. मुंबईच्या मेकॅनिकने वेगळे काही केले नव्हते. फरक इतकाच, की तिकडच्या कारागिराचे नाव यंत्राच्या दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत झळकले आणि इकडच्या कारागिराचे नाव कोठेच लागले नाही.

आता असे पन्नास-साठ वर्षांचे यंत्र पुन्हा उभे करावयाचे झाल्यास काय करावे लागते, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. ते थेट विजेला जोडले तर उरलेसुरले भागही जळून जातात. जाणता मेकॅनिक मधे एक बल्ब जोडतो. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र बचावते. दुसरी गोष्ट भीतीची आहे. व्हॉल्व्हना तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब लागतो, आणि स्विच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. तो काळजीपूर्वक उतरवल्याशिवाय हात आत घालणे म्हणजे प्राणाशी खेळ. अमेरिकेतून आलेले यंत्र तर तिथल्या ११० ते १२० व्होल्टसाठी बांधलेले असते. ते आपल्या २३० व्होल्टला जोडले की संपलेच.

मग निदान. गाळणीचे मोठे कंडेन्सर कालांतराने आतून वाळतात. शंभर हर्ट्झची घुमघुम ऐकू आली की दोष बहुधा तिथे असतो. कार्बनच्या रेझिस्टरांची किंमत सरकलेली असते. दोन व्हॉल्व्हमधला कंडेन्सर गळू लागला तर पुढचा व्हॉल्व्ह लालबुंद होतो. मुंबईच्या पावसाळ्याने स्पीकरच्या कागदावर बुरशी चढलेली असते आणि ट्रान्सफॉर्मरच्या कागदी वेष्टनात ओल शिरलेली असते. एकेक जोड तपासायचा, जुना डाख वितळवून काढायचा, नवा द्यायचा, पुन्हा मोजायचे. छापील पट्टी नसलेल्या, तार हाताने जोडलेल्या यंत्रात हे शक्य असते, कारण तिथे प्रत्येक जोड डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

या कामाच्या तीन रीती आहेत. पहिली रीत काहीही न बदलण्याची. यंत्र मूळ स्वरूपात राहते, पण ते बोलत नाही. ते कपाटात ठेवण्याची वस्तू होते. दुसरी रीत सर्व काही बदलण्याची. खोके जुने, कापड जुने, आत मात्र नवे मंडल. यंत्र बोलते, पण तो त्याचा आवाज नसतो. तिसरी रीत विवेकाची आहे. जे मेले आहे ते बदलावे. ज्यातून आवाज घडतो ते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मंडलाची रचना, तारांची मांडणी आणि शक्य तर स्पीकर, प्राणपणाने राखावे. जे मुळातच घातक होते ते निःसंकोच काढून टाकावे. जुन्या यंत्रांना भूमीची तार नसे. एका हातात गिटार असलेल्या गायकाचे ओठ मायक्रोफोनला लागताच त्याला विजेचा धक्का बसे. तिथे जुनेपणाचा आग्रह धरणारा मनुष्य परंपरेचा रक्षक नव्हे. आणि या रीतीचे शेवटचे कलम असे की, जे बदलले त्याची तारखेसह नोंद करून ती खोक्याच्या आत चिकटवावी, म्हणजे पुढच्या हाताला मूळ कोणते आणि ठिगळ कोणते ते कळेल.

भूतकाळाविषयी लिहिणाऱ्या ग्रंथांनाही हीच चार कलमे लावून पाहावीत. मृत भाग ओळखला आहे काय? आवाज राखला आहे काय? घातक ते सोडले आहे काय? आणि ठिगळे दाखवली आहेत काय?

बूथ हे न्यूझीलंडमध्ये अध्यापन करणारे संगीतशास्त्रज्ञ. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी आपला ग्रंथ रचला. त्याच्या प्रास्ताविकाचे शीर्षकच 'अँथनी गोन्साल्विस कोण?' या अर्थाचे आहे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले, पण ते संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेल्या या कलावंताने १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायन होते. २०१२ साली ते निवर्तले. एका विनोदी गाण्याच्या आड दडलेल्या माणसाला बूथ पुन्हा माणूस म्हणून उभे करतात, हे त्यांचे मोठे श्रेय. त्यांचा दुसरा गुण असा की, ते वादकांना त्यांच्याच शब्दांत बोलू देतात. ठिगळ दाखवण्याचे कलम हा ग्रंथ उत्तम रीतीने पाळतो. कोणता भाग वादकाच्या स्मरणाचा आणि कोणता अभ्यासकाच्या अनुमानाचा, हे वाचकाला कळत राहते.

तरीही एक उणीव जाणवते. स्टुडिओंमध्ये कोणती वाद्ये आली आणि त्यामुळे काय पालटले, हे बूथ सांगतात. तंत्रज्ञानाला त्यांच्या मांडणीत मानाचे स्थान आहे. पण ती वाद्ये चालू कोणी ठेवली, हे त्या मानाने कमी कळते. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली, ही माहिती आज सर्वत्र आहे. ज्या स्वराने तो काळ ओळखला जातो, तो बोटे, तारा, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांनी मिळून घडवलेला असतो. राजकमलमध्ये मंगेश देसाई यांच्यासारखा श्रेष्ठ ध्वनितज्ज्ञ होता, म्हणून किमान त्या टोकाचे एक नाव आपल्याला सांगता येते. मधल्या दुव्याची, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याची, नोंद मात्र राहिली नाही. पडदा बाजूला सारल्यावर त्यामागे आणखी एक पडदा होता.

'ताज महाल फॉक्सट्रॉट'ची प्रकृती निराळी. फर्नांडिस हे पत्रकार, आणि त्यांची शैली रसाळ. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमध्ये दाखल झाला, तेथून मुंबईच्या जॅझची ही कहाणी सुरू होते आणि शिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांमार्फत चित्रपटसंगीतापर्यंत येऊन पोहोचते. पुस्तकातील छायाचित्रे हा एक स्वतंत्र ठेवा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुस्तकासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची तबकडी दिली होती. आवाज राखण्याचे कलम याहून प्रामाणिकपणे पाळता येणार नाही. लेखकाचे शब्द पटत नसतील तर वाचकाने स्वतः ऐकावे आणि ठरवावे.

या ग्रंथाचा दोष त्याच्या मोहकपणात आहे. त्याचा मुख्य प्रकाश हॉटेलच्या नृत्यदालनावर पडतो. त्या दालनातील मुंबई उदार, बहुरंगी आणि सुंदर दिसते, आणि ती नाहीशी झाल्याची हळहळ पानापानांतून झिरपते. ती हळहळ खोटी नाही. पण तोच वादक रात्री उशिरा कुडात परतून आपल्या पेटीवर डोके टेकत होता आणि पुढच्या करारापर्यंत गावी पैसे कसे पाठवावे याची चिंता करत होता, हा भाग त्या झगमगाटापुढे फिका पडतो. लेखकाला याची जाण नाही असे नव्हे. रंगमंचावरील वर्णद्वेष आणि व्यवसायातील अनिश्चितता यांचा तो उल्लेख करतो. तरी एकंदर परिणाम स्मरणरंजनाकडे झुकतो. यंत्राच्या भाषेत बोलावयाचे तर खोक्याला पॉलिश फार सुरेख झाले आहे, पण जुन्या व्यवस्थेतील विजेचा धक्का वाचकाच्या हाताला पुरेसा लागत नाही.

'नाचूंया कुंपासार'चा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण तेथे पुनर्बांधणी शब्दशः घडली आहे. ख्रिस पेरी यांची गाणी चित्रपटासाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आली. जुन्या तबकड्या लावल्या असत्या तर ते कपाटातील यंत्र झाले असते. सारे संगणकावर रचले असते तर खोके तेवढे जुने उरले असते. निर्मात्यांनी तिसरी रीत पत्करली. चाली आणि वाद्यरचनेचा सांगाडा राखला, श्वास नवा दिला. म्हणूनच ज्यांनी मूळ गाणी कधी ऐकली नव्हती अशी तरुण मुलेही ती गुणगुणू लागली. मात्र कथेच्या बाबतीत चौथे कलम ढिले पडते. पडद्यावरची लॉरी आणि डोना ही पात्रे खऱ्या कलावंतांच्या आयुष्यावर बेतलेली आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पण मूळ कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते हे त्याला समजत नाही. कलाकृतीला ती मोकळीक असते हे खरे. परंतु ज्यांचे चरित्र कोठेही नीट लिहिले गेलेले नाही, त्यांच्याविषयी दंतकथाच इतिहास होऊन बसते, हा धोका आपल्या समाजाने ओळखावयास हवा.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. हाताने बांधलेल्या जुन्या यंत्राचे एवढे कौतुक कशाला? आज हातात मावेल अशा पेटीत शेकडो अॅम्प्लिफायरांच्या आवाजांची संगणकीय प्रतिकृती मिळते. ती हलकी आहे, स्वस्त आहे, तिच्याने कोणाला धक्का बसत नाही. चाळीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने तीस किलोंचे धूड कशाला वाहावे? हा आक्षेप खरा आहे. जुने ते सारे सोने हे मत या लेखाचे नाही. कित्येक जुने अॅम्प्लिफायर मुळातच सुमार होते, आणि त्यांची दुरुस्ती हा वेळेचा अपव्यय ठरेल. पण प्रतिकृतीलाही मूळ यंत्र लागते. कोणीतरी, कोठेतरी, एक चांगले यंत्र जिवंत ठेवलेले असते म्हणूनच त्याचे माप घेता येते. आणि दुसरे असे की, बिघडलेली पेटी फेकून नवी आणावी लागते, तर उघडता येणारे यंत्र माणसाला शिकवते. ते शिक्षण संपले, तर केवळ एका आवाजावर भागणार नाही, वस्तूशी बोलण्याची एक रीतच आपण गमावून बसू.

आपल्या चर्चच्या जीवनाशी याचा निकटचा संबंध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव केला, आणि त्याच परिच्छेदात इतर योग्य वाद्यांसाठीही दार उघडले. १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने ती वाट अधिक स्पष्ट केली. मिस्साविधी लॅटिनमधून मराठीत आला, गायकवृंदात गिटार आली. ही पुनर्बांधणीच होती, आणि तिथेही हेच प्रश्न उभे राहिले : काय मेले होते, काय राखावयाचे होते? १५९६ साली स्थापन झालेल्या दादरच्या साल्वासांव चर्चची, म्हणजे आपल्या पोर्तुगीज चर्चची, जुनी वास्तू जाऊन चार्ल्स कोरिया यांनी १९७४ ते १९७७ या काळात काँक्रीटचे घुमट आणि खुली अंगणे यांची नवी रचना उभारली, तेव्हा पुष्कळ ज्येष्ठांना वाईट वाटले असणार. तरीही पावसातून आणि उजेडातून चालत वेदीकडे जाण्याचा अनुभव त्या वास्तूने दिला, हे मान्य करावे लागेल. जुने दगड राखणे आणि जुना हेतू राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या एकत्र साधतात, कधी निवड करावी लागते. निवड करणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे, एवढीच अपेक्षा.

या दृष्टीने पाहता आपल्या धर्मग्रामांमध्ये एक काम शिल्लक आहे, आणि त्याला विद्यापीठाची गरज नाही. अनेक चर्चच्या माळ्यांवर जुने अॅम्प्लिफायर, भोंगे, हार्मोनियम आणि हस्तलिखित स्वरलिपीच्या वह्या पडून असतात. साफसफाईच्या उत्साहात त्या भंगारवाल्याकडे जातात. तसे करण्यापूर्वी त्या एकदा उघडाव्यात. जे यंत्र जगण्याजोगे असेल ते जाणत्या हाती द्यावे, विजेच्या सुरक्षिततेची खात्री करून घ्यावी. जे जगणार नाही त्याचे निदान छायाचित्र आणि वर्णन राखावे. आणि गायकवृंदातील वृद्धांना विचारावे : हे कोणी आणले, कोणी वाजवले, बिघडले की कोणाकडे नेत असू? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

बूथ आणि फर्नांडिस यांनी वादकांची नावे परत मिळवून दिली. त्यांचे ऋण मानूनच पुढचे पाऊल आपल्याला टाकावयाचे आहे. त्यांचे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. गिरगावच्या, परळच्या, लालबागच्या ज्या घरांची ही हकीकत आहे, त्या घरांतील मराठी वाचकांपर्यंत ती त्यांच्या भाषेत यावयास हवी. आपल्यातील कोणी ते काम हाती घेतले, तर त्याने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक प्रकरण राखून ठेवावे, आणि आपण काय बदलले व काय तसेच ठेवले याची नोंद पहिल्याच पानावर करावी.